पिल्लांचे पाय फाकले आहेत, बोटे वळली आहेत: बांधावे की थांबावे?

चिमणचारा

नमस्कार. उबवणी यंत्रात ठेवलेल्या १४ अंड्यांपैकी ११ अंड्यांतून परवा, म्हणजे बरोबर २१व्या दिवशी, पिल्ले बाहेर आली. त्यांतली आठ ठणठणीत आहेत. उरलेल्या तिघांच्या पायांत मात्र दोष दिसतो आहे आणि त्यांच्यासाठी नेमके काय करावे हे समजत नसल्यामुळे येथे विचारत आहे.

पहिल्या पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले आहेत. ते छातीवर पडून राहते आणि पुढे सरकायचे झाले की पाण्यात पोहल्यासारखे पाय मारते. दुसऱ्याच्या उजव्या पंजाची बोटे मुठीसारखी आत वळलेली आहेत, त्यामुळे ते बोटांच्या पाठीवर भार देऊन चालते. तिसऱ्याचा फक्त डावा पाय बाहेरच्या बाजूला वळतो. तो पहिल्याचाच प्रकार असावा, पण सौम्य, असे मला वाटते. तिघेही चिवचिव करतात, डोळे टवटवीत आहेत, परंतु धडधाकट पिल्ले त्यांच्या अंगावरून पळतात आणि पाण्यापर्यंत त्यांना पोहोचूच देत नाहीत.

खोक्यात मी वर्तमानपत्र अंथरले आहे आणि दिव्याची ऊब ठेवली आहे. पिल्लांचे खाद्य अजून आणलेले नाही, म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य बारीक करून घातले आहे. अशा पिल्लांचे पाय पट्टीने बांधतात असे ऐकले आहे, पण काडीएवढी हाडे आपल्या हातून मोडतील या भीतीने अजून हात लावलेला नाही. बांधावे का, किती दिवस बांधावे आणि बांधल्यावर त्यांनी खायचे-प्यायचे कसे, हे कृपया कोणी अनुभवी सांगेल का?

खुराडेवाली

सर्वांत आधी ते वर्तमानपत्र काढा. गुळगुळीत कागदावर नव्या पिल्लाचे पंजे पकड घेऊ शकत नाहीत, ते प्रत्येक पावलाला घसरते आणि मांड्यांचे स्नायू ताकद धरण्याच्या आधीच पाय बाजूला जायला लागतात. त्या जागी खरखरीत कापड किंवा बारीक भोकांची रबरी जाळी अंथरा. कापडाचे धागे सुटे नसावेत, कारण ते बोटांत अडकतात. पहिल्या पिल्लाचे पाय फाकण्याला हा कागद एकटाच कारणीभूत असेल असे नाही. उबवणीत उष्णता जास्त झाली किंवा पिल्लाला कवचातून बाहेर पडायला फार वेळ लागला, तरीही असे होते. परंतु कागद तसाच राहिला तर बांधूनही उपयोग होणार नाही.

फाकलेले पाय बांधायचेच आणि आजच बांधायचे. पहिल्या दोन-चार दिवसांत हाडे आणि सांधे इतके लवचीक असतात की योग्य जागी धरले तर तेथेच स्थिरावतात. आठवडा उलटल्यावर तेच काम फार अवघड होते. जखमेवर लावतो ती साधी चिकटपट्टी घ्या आणि ती लांबीत मधोमध कापून अरुंद करा. पट्टीतला मऊ गादीचा भाग दोन पायांच्या मधे येऊ द्या आणि दोन्ही टोके एकेका पायाच्या नळीभोवती, म्हणजे पंजाच्या वर आणि घोट्याच्या खाली, गुंडाळून स्वतःवरच चिकटवा. पाय शरीराच्या बरोबर खाली यावेत आणि दोन्हींत साधारण २ ते २.५ सेंटिमीटर अंतर राहावे. अगदी जवळ बांधले तर पिल्लू तोल जाऊन कोलमडते आणि लांब बांधले तर फाकणे तसेच राहते. जवळचे धडधाकट पिल्लू उभे करून त्याच्या पंजांतले अंतर पाहा. त्याहून चांगले माप दुसरे नाही.

हे काम दोघांनी करावे. एकाने पिल्लू ओंजळीत उताणे धरावे आणि त्याच्या डोळ्यांवर कापडाचा कोपरा टाकावा, म्हणजे ते शांत होते. दुसऱ्याने पट्टी लावावी. हाडे मोडतील ही भीती स्वाभाविक आहे, परंतु पाय ओढायचा नसतो, फक्त हलकेच खाली आणायचा असतो. पट्टी लावल्यानंतर १५ मिनिटांनी बोटे पाहा. ती निळसर, थंड किंवा सुजलेली दिसली तर पट्टी घट्ट झाली आहे असे समजून लगेच सोडा. सोडताना चिकट भागाला खाद्यतेलाचा थेंब लावून थोडा वेळ थांबा, नाहीतर कोवळी कातडी सोलून निघते.

बांधल्यावर पहिला तासभर पिल्लू पडत राहील, पाठीवर उलटेल आणि ओरडेल. ते पाहून आपलाच जीव कासावीस होतो, पण पट्टी काढू नका. कापडाची गुंडाळी करून त्याच्या दोन्ही बाजूंना आधार द्या किंवा छोट्या वाटीत मऊ कापड घालून त्याला अशा रीतीने बसवा की पाय पोटाखाली येतील. उलटलेल्या पिल्लाला स्वतःहून सरळ होता येत नाही, त्यामुळे त्या तासाभरात खोक्यापासून दूर जाऊ नका.

रोज एकदा पट्टी सोडून पिल्लाला दोन मिनिटे मोकळे उभे करून पाहावे आणि गरज असल्यास नवी पट्टी लावावी. पिल्लू रोज वाढत असते, कालची पट्टी आज आखूड पडते. माझ्याकडच्या बहुतेक पिल्लांना तीन ते पाच दिवस पुरले.

वळलेल्या बोटांसाठी पुठ्ठ्याचा जोडा करतात. जाडसर पुठ्ठ्यावर पंजापेक्षा किंचित मोठा आकार कापा, पुढची तीन बोटे पसरून आणि मागचे बोट मागे सरळ ठेवून पंजा त्यावर टेकवा आणि वरून प्रत्येक बोटावर चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा. एक-दोन दिवसांत फरक दिसतो. पुठ्ठा ओला झाला की लगेच बदला, कारण ओलसर पुठ्ठ्याखाली कातडी कुजते.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर अशी पिल्ले पायाने मरत नाहीत, तहानेने मरतात. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यावर त्याचे पहिले दोन-तीन दिवस निघतात. पण तुमची पिल्ले परवाची आहेत, म्हणजे ती शिदोरी आता संपत आली. दर दीड-दोन तासांनी पिल्लू हातात घेऊन चोचीचे फक्त टोक पाण्यात बुडवा. नाकपुड्या पाण्यात जाऊ देऊ नका. पाण्याच्या भांड्यात खडे घाला, कारण बांधलेले पिल्लू त्यात कलंडले तर एवढ्याशा पाण्यातही बुडते. आणि या तिघांना इतरांच्या शेजारीच, पण मधे जाळी लावून ठेवा. ती एकमेकांना दिसली पाहिजेत. एकटे पडलेले पिल्लू ओरडून ओरडून थकते आणि खाणे सोडते.

निवृत्त पशुवैद्य

वरील प्रतिसादातील पद्धत योग्य आहे आणि पहिल्या पिल्लासाठी ती आजच अमलात आणावी. तिसऱ्या पिल्लाला मात्र कृपया पाहिल्याशिवाय बांधू नये. दोन्ही पाय फाकणे आणि एकच पाय बाहेर वळणे या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी पुष्कळदा त्यांची कारणे निराळी असतात, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला अपाय करतो.

पिल्लाच्या पायात जो सांधा मागे वाकल्यासारखा दिसतो आणि ज्याला आपण सहजपणे गुडघा म्हणतो, तो वास्तविक घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. या घोट्याच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि पोटरीच्या स्नायूची जाड कंडरा त्या खाचेतून खाली जाते. ती खाचेतून निसटून बाजूला गेली की पाय सरळ करणारी दोरीच जागेवर राहत नाही. मग पाय घोट्यात वाकलेला राहतो, पंजा बाहेर वळतो आणि पिल्लाला त्या पायावर भार देता येत नाही. अशा पायाला फाकलेला पाय समजून बांधले, तर निसटलेली कंडरा तशीच राहते, सांधा सुजतो आणि ती परत बसवण्याचे जे थोडे दिवस हाती असतात ते वाया जातात.

तपासणी घरी करता येते. पिल्लू उजेडात धरा आणि दोन्ही घोटे मागून शेजारी शेजारी पाहा. चांगल्या पायाच्या घोट्यामागे मधोमध दोरीसारखा उंचवटा बोटाला लागतो. दुसऱ्या पायाचा घोटा मागून सपाट किंवा रुंद दिसत असेल आणि तीच दोरी सांध्याच्या एका कडेला लागत असेल, तर कंडरा निसटली आहे. दोन्ही घोटे सारखे असतील, पाय हलकेच शरीराखाली आणता येत असेल आणि त्या वेळी पिल्लू विव्हळत नसेल, तर दोष वर मांडीच्या सांध्यात आहे असे समजून बांधायला हरकत नाही. सांधा गरम आणि फुगलेला लागला, विशेषतः एकाहून अधिक सांधे तसे असले किंवा बेंबी ओली आणि दुर्गंधीयुक्त असली, तर जंतुसंसर्गाची शक्यता धरावी. तेथे पट्टीचे काही काम नाही, पिल्लू थेट पशुवैद्याकडे न्यावे.

आता खाद्याविषयी. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य आजच बंद करावे, ही विनंती मी आग्रहाने करतो. कवच तयार होण्यासाठी त्या खाद्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम घातलेले असते, तर पिल्लाला सुमारे १ टक्का पुरतो. जास्तीच्या कॅल्शियमचा भार पिल्लाच्या मूत्रपिंडांवर येतो आणि शिवाय त्यामुळे मँगनीज नीट शोषले जात नाही. मँगनीज, कोलीन किंवा बायोटिन कमी पडणे हेच कंडरा निसटण्याचे एक मुख्य कारण आहे. पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात दर किलोला ६० मिलिग्रॅम मँगनीज आणि ३.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब२, असावे असे मानतात. हे घरी दळलेल्या धान्यातून साधत नाही. जन्मतःच दिसणाऱ्या दोषाचा उगम मात्र पुष्कळदा अंडी देणाऱ्या कोंबडीच्या आहारात असतो, म्हणून पुढच्या वेळी उबवणीसाठी अंडी घेताना त्या कोंबड्यांना काय खाऊ घातले जाते हेही विचारावे.

दुसऱ्या पिल्लाची बोटे बोटाने सरळ करता येत असतील आणि दुसरा पंजा चांगला असेल, तर पुठ्ठ्याचा जोडा पुरेसा ठरेल. परंतु येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत इतर पिल्लांचीही बोटे आत वळू लागली आणि ती पंजा न टेकता घोट्यांवर बसून चालू लागली, तर तो ब२च्या कमतरतेचा परिणाम समजावा. त्या विकारात पायाकडे जाणारी मोठी नस सुजते. वेळीच ब२ मिळाले तर पिल्लू सुधारते, परंतु बोटे फार दिवस वळलेली राहिली तर नसेची हानी कायमची होते. पाण्यात मिसळायची ब गटातील जीवनसत्त्वे वेष्टनावरील प्रमाणानुसार आतापासूनच सर्व पिल्लांना दिली तरी चालतील. ते पाणी रोज ताजे करावे आणि भांडे उन्हात ठेवू नये, कारण प्रकाशाने रायबोफ्लेविन नष्ट होते.

चिमणचारा

ताई, डॉक्टरसाहेब, तुमचे दोघांचेही प्रतिसाद वाचून लगेच कामाला लागलो. पहिल्या पिल्लाचे पाय बांधले. सांगितल्याप्रमाणे ते दोनदा उलटले, मग वाटीत बसवल्यावर झोपी गेले. दुसऱ्याला जोडा घातला आहे. खाद्य आणि अंथरूण दोन्ही बदलले.

तिसऱ्याबद्दल डॉक्टरांची शंका खरी ठरली असे दिसते. उजव्या घोट्यामागे दोरी स्पष्ट लागते. डाव्या घोट्याची मागची बाजू अंगठ्याच्या नखासारखी सपाट आहे आणि तीच दोरी बाहेरच्या कडेला सरकलेली आहे. बोट लावताच पिल्लू जोरात ओरडले, म्हणून मी थांबलो. सूज फार नाही. जवळच्या पशुवैद्यांची भेट उद्या दुपारची मिळाली आहे. तोपर्यंत मी काही करू शकतो का?

निवृत्त पशुवैद्य

उद्याची भेट चुकवू नका. दरम्यान एकदा, फक्त एकदाच, प्रयत्न करता येईल, कारण येथे प्रत्येक दिवस मोलाचा आहे. पिल्लू कापडात गुंडाळून फक्त डावा पाय बाहेर ठेवा. पाय हलकेच मागे सरळ करा, म्हणजे कंडरेवरचा ताण सैल होतो. त्या स्थितीत अंगठ्याने कंडरा बाहेरच्या कडेवरून मधल्या खाचेकडे ढकला. ती जागेवर बसली तर बोटाखाली ठळकपणे जाणवते आणि घोट्यामागचा उंचवटा परत दिसू लागतो. त्यानंतर पाय सावकाश नैसर्गिक स्थितीत वाकवा. जोर लावण्याची वेळ आली तर थांबा आणि उद्यापर्यंत पिल्लाला वाटीत बसवून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगणे मला आवश्यक वाटते. खाच उथळ असेल तर कंडरा पुन्हा पुन्हा निसटते, मग आधाराची पट्टी लावूनही यश मिळत नाही. तसे झाले तर ती तुमच्या हाताची चूक नसेल.

पहाटेची बांग

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडची नऊ आठवड्यांची एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, काल अचानक खाली बसली. तिचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला आहे. तिलाही पट्टी बांधून चालेल का?

निवृत्त पशुवैद्य

नाही. या वयात एक पाय पुढे आणि एक मागे ही ठेवण दिसली की पहिला संशय मॅरेक या रोगाचा घ्यावा. योझेफ मॅरेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रथम केले. पुढे तो एका नागीणवर्गीय विषाणूमुळे होतो हे सिद्ध झाले. विषाणू पिसांच्या मुळांतून झडणाऱ्या कोंड्याबरोबर हवेत पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. रोग झाल्यावर उपचार नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येते त्याच दिवशी लस देतात, आणि तिचा उपयोग संसर्गाच्या आधी दिली तरच होतो. तलंग आजच वेगळी ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा, कारण मार बसणे किंवा नस दबणे या गोष्टीही अशाच दिसू शकतात आणि नक्की निदान त्यांनीच करायला हवे.

खुराडेवाली

या निमित्ताने आणखी एक सांगते. पिल्लू लंगडताना दिसले की आधी त्याचा तळवा उलटून पाहावा. ओल्या भुशात विष्ठा मिसळून बोटांच्या टोकांशी कडक गोळे होतात आणि पिल्लू खडे बांधल्यासारखे चालते. असे गोळे ओढून काढू नका, त्यांच्यासोबत नख निघून येते. पंजा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवा, गोळा आपोआप विरघळतो. मग पंजा नीट कोरडा करून पिल्लू उबेला ठेवा. माझ्या एका पिल्लाला मी दोन दिवस जीवनसत्त्वे पाजत बसले होते आणि त्याच्या मधल्या बोटाला हरभऱ्याएवढा गोळा चिकटलेला होता.

चिमणचारा

आज दहा दिवस झाले, म्हणून काय घडले ते सविस्तर लिहितो. पुढे कोणाला उपयोग होईल.

पहिल्या पिल्लाची पट्टी चौथ्या दिवशी काढली. त्या दिवशी ते उभे राहत होते, पण धावताना पाय फाकत होते, म्हणून आणखी एक दिवस बांधले. आता ते इतरांत मिसळले आहे आणि पट्टीच्या जागी नळीवर उरलेल्या फिकट वळ्यावरूनच मला ओळखू येते. बांधलेल्या दिवसांत रोज दोनदा, दोन बोटांनी छातीला आधार देऊन मी त्याला खाद्याच्या ताटलीपाशी उभे करत असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने माझ्या बोटांवरचा भार पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर घेतला, तेव्हा ते वजन बोटांवरून उतरल्याचे मला स्पष्ट जाणवले.

तिसरे पिल्लू राहिले नाही. त्या रात्री कंडरा जागेवर बसली आणि मी आनंदलो, पण पिल्लू उभे राहताच ती पुन्हा निसटली. पशुवैद्यांनी दुसऱ्या दिवशी ती परत बसवून आधाराची पट्टी लावली. तीन दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा सांधा सुजून निळा पडला होता आणि पिल्लाने खाणे थांबवले होते. खाच फारच उथळ आहे, पुढे हा पाय ओढत ते जगले तरी रोजच्या वेदनेत जगेल, असे त्यांनी समजावले. त्यांच्याकडेच त्याला शांतपणे जाऊ दिले. पहिल्या दिवशी मी त्याला पहिल्याचाच सौम्य प्रकार समजलो होतो, याचे वाईट वाटते. डॉक्टरसाहेब, तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, म्हणून हे सोसले.

दुसऱ्याचा पुठ्ठ्याचा जोडा दोनदा बदलावा लागला, कारण पहिला त्याने पाण्यात भिजवला आणि दुसरा इतर पिल्लांनी टोचून फाडला. तिसऱ्या जोड्याला मी पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लास्टिकचा तुकडा वापरला, तो टिकला. बाकी कोणाचीही बोटे वळलेली नाहीत. त्याचे मधले बोट अजून किंचित आत झुकते, पण आज सकाळी त्याच पायाने ते भुसा उकरत होते.